पद्माबाईनं बॉयलर थंडा ठेवला

कुरुंद्यात हळदीचा हंगाम लागला की पद्माबाईला दोन आवाज फुटतात, एक घरातला आणि एक वावरातला. घरातल्या आवाजानं तिचा नवरा नरसिंग उठतो, वावरातल्या आवाजानं अर्धं शिवार उठतं. बाई ठेंगणी, अंगानं रुंद, चालली की जमीन दाबत चालते. हात कोपरापर्यंत पिवळेजर्द. ते पिवळेपण आखाडापर्यंत उतरत नाही, आणि उतरलं की तिलाच करमत नाही.

बारा बायांच्या टोळीची ती मुकादमीण. टोळीचा नेम एकच, जे करायचं ते सगळ्यांनी. एकीच्या पायात काटा मोडला तर बारा जणी बसणार. एकीला ऑटोत जागा नाही भेटली तर बारा जणी पायी निघणार. मालक लोक चिडतात. ज्यांच्या वावरात टोळी दरसाल जाते ते किशनराव तर तोंडावर म्हणतात, "पद्माबाई, तुझी टोळी म्हंजे एका दोरीला बांधलेल्या शेळ्या!"

"व्हय मालक," पद्माबाई म्हणते, "आन शेळ्या जिकडं वढतील तिकडं दोरीवाला बी जाते, ध्यानात ठिवा."

हळद खोदून निघाली की बाया गड्ड्याची बोटं मोडून अलग करतात. मग ढीग लागतो आणि सगळे बॉयलरची वाट बघतात. बॉयलर म्हणजे चाकावरची लोखंडी टाकी. पोटाखाली भट्टी, अंगाला चार ड्रम. ड्रममध्ये ओली हळद भरायची, वाफ सोडायची, शिजली की ड्रम उलटा करून ओतायची. ओला ढीग पडून राहिला की आतून तापतो, कुजतो. म्हणून ह्या दिवसांत बॉयलरवाल्याचा रुबाब नवरदेवाहून मोठा. गावचा बॉयलर प्रमोदचा. पोरगा तिशीच्या आतला, दंडाला पितळी कडं, बोलण्यात गूळ. शिमग्याच्या मागं-पुढं ह्या गावाहून त्या गावाला बॉयलर ओढत फिरायचा. लग्नाआधी सांगलीकडं हळदीच्या कामावर दोन हंगाम काढून आलेला. पद्माबाईच्या माहेरच्या भावकीतला, म्हणून तिला आत्या म्हणायचा.

त्याची बायको शीतल टोळीत होती. आणि टोळीत एक समजूत पक्की होती. बाईच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं, खाज सुटली, ओटीपोट दुखलं, की म्हणायचं वाफ बाधली. बॉयलरची ऊब अंगात शिरली. मग सब्जा भिजवून पी, खडीसाखर चघळ, वाफेकडं पाठ करून बस. दवाखाना कोणीच गाठायचा नाही. वाफ उतरली की दुखणंही उतरतं म्हणायचं. शीतलची दोन लेकरं दिवस भरता भरता गेली, दोन्ही न रडता जन्मली, तेव्हाही सगळ्यांनी वाफेलाच शिव्या दिल्या. बॉयलरवाल्याचीच बायको, वाफ तर तिच्या घरातच नांदते, असं बाया बोलायच्या. पद्माबाईही बोलायची.

औंदा शीतलला तिसऱ्यांदा दिवस गेले. पाचवा लागला होता. पद्माबाईनं तिला बॉयलरपासून लांब, बांधावरच्या लिंबाखाली पाण्याच्या घागरीपाशी बसवून ठेवलं. पोरगी तिथून वाफेकडं असं बघायची, जसं सुटलेल्या कुत्र्याकडं बघावं.

अशात गावातल्या सिस्टरनं पोटुशा बायांची बोटं टोचून रक्त बघितलं आणि शीतलला वसमतच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. शीतल पद्माबाईकडं आली.

"मावशी, येता का संगं? मला एकलीला भेव वाटून राहिलं."

"चल की. भेव काहून? वाघ हाय का थितं?"

वाघ नव्हता. एक तरणी डॉक्टरीण होती, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं सरळ. शीतल आत जाताना म्हणाली, मावशीला बी येऊ द्या. डॉक्टरणीनं दोघींना बसवलं, दार लावलं.

"वाफेनं बाळ दगावत नाही," ती म्हणाली. "हा सिफिलिस आहे. रक्तातला आजार. शरीरसंबंधातून येतो, आईकडून पोटातल्या बाळाला जातो. तुझी आधीची दोन्ही बाळं यानंच गेली असतील."

शीतलनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पण याला सुई आहे," डॉक्टरीण म्हणाली. "वेळेवर घेतली तर बाळ वाचतं."

पद्माबाई खुर्चीतून उठलीच. "वाचतं?"

"वाचतं."

"मंग टोचा की बाई! बसून काय राहिल्या?"

डॉक्टरणीला हसू आलं. सुई टोचली. शीतलनं दात खाऊन सोसली. मग डॉक्टरीण म्हणाली, "आता नीट ऐका. नवऱ्यालाही हीच सुई घ्यावी लागेल. त्यानं नाही घेतली तर हिला तो पुन्हा देणार, आणि आजची सुई फुकट जाणार. दुसरं, असा आजार असला की एचआयव्ही लवकर जडतो. हिच्या रक्तात तो निघाला नाही, नशीब समजा. त्याचं रक्त बघायलाच पाहिजे. आणि त्याचा इलाज होईपर्यंत जवळ जायचं नाही."

परतीच्या ऑटोत पद्माबाईला बसवेना. लेकरू वाचतं! इतकी वर्षं वाफेला शिव्या दिल्या, आणि एका सुईचं काम होतं. तिला वाटलं, उतरावं आणि ऑटोच्या पुढं पळत सुटावं. शीतल मात्र हळूच म्हणाली, "मावशी, कुणाला कळलं तर मला घरात ठिवणार न्हाईत. माझ्याच नावानं बोंब होईल. सासू म्हणल, हीच घिऊन आली."

"माझ्या तोंडातून निघलं तर जीभ झडंल माझी," पद्माबाई म्हणाली. "बापाला त्याच्या मी बघते."

"कुणाच्या बापाला?"

"तुझ्या लेकराच्या!"

त्याच सांजेला प्रमोद किशनरावाच्या मळ्यात बॉयलर उभा करून चाकांना ग्रीस लावत होता. दुसऱ्या दिवशी शिजवणी होती. पद्माबाईनं त्याला एकटा गाठला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. प्रमोदचा हात ग्रीसच्या डब्यातच राहिला.

"मला काय धाड भरली, आत्या? बैलावानी हिंडून राहिलो."

"बैलालाबी रोग हुतो. मंग त्याला लस देत न्हाईत का?"

"दवाखान्यात कोणी बघितलं तर? ह्या धंद्यात नाव गेलं की गेलं. कोण बोलावल मला वावरात? घरात बाया-पोरी असत्यात लोकाच्या."

"आन लेकरू?"

"आधीची दोन गेली ती वाफेनंच गेली," प्रमोद म्हणाला, पण तिच्याकडं न बघता. "आन तू ह्याच्यात पडू नको. नवरा-बायकोची गोष्ट हाय."

पद्माबाई उभीच राहिली. तिला दिसत होतं, पोरगा मुजोर नाही, घाबरलाय. मुजोराला दोन शिव्या पुरतात. घाबरलेल्याला लपायला जागा द्यावी लागते. ती तशीच मागं फिरली, आणि घर येईपर्यंत चालता चालता एकटीच हसायला लागली. नरसिंग ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "काय झालं गं?"

"उद्या तुमचं रक्त काढायचंय."

"माझं? काहून?"

"तुमचं पयलं."

सकाळी किशनरावाच्या मळ्यात सगळी तयारी होती. ढीग माणसाच्या उंचीचा, वर हात ठेवला तर आतली ऊब लागत होती. भट्टीत हळदीचाच वाळला पाला आणि लाकडं भरलेली. दुसऱ्या दिवशी बॉयलर शेजारच्या गिरगावला जायचा ठरलेला. आणि मावळतीकडून काळे ढग गोळा होत होते. अवकाळीची चिन्हं.

प्रमोदनं काडीपेटी काढली. पद्माबाई ओरडली, "थांब! पेटवू नको. टोळी, बसा!"

बाया बसल्या. लिंबाखालची शीतलही उठून त्यांच्यात येऊन बसली. कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण बस म्हटलं की बसायचं.

"काय झालं आता?" किशनराव ढिगाआडून आले. गोरे, ढेरपोटे, डोक्याला उपरणं.

"मालक, औंदापासून टोळीचा नवा नेम हाय. बॉयलर पेटायच्या आधी टोळीतल्या सगळ्या बाया, त्यांचे नवरे, बॉयलरवरची पोरं, जे जे ह्या वाफेभवती नाचत्यात ते सगळे वसमतला जाऊन रक्त तपासणार. एडस हाय का, गुप्तरोग हाय का, सगळं. मंगच हळद शिजणार."

मग टोळीतली सगळ्यात जिभेची शिवकन्या म्हणाली, "अगं माय! पद्माक्का, तू सपनात हायस का सकाळच्या पारी? काहून?"

"मी म्हणते म्हून."

"पण कुणाला काय झालंय का?"

"कुणाला झालं असतं तर त्या एकाला नेलं असतं. मी सगळ्याला नेऊन राहिले. मंग कुणाला झालं, सांग तूच!"

बॉयलरवरची पोरं खिदळायला लागली. एक म्हणाला, "आत्या, माझं लगीनबी न्हाई झालं, माझं काय तपासता?"

"लगीन न्हाई झालं म्हून तर तुझं दोनदा तपासा म्हणते," पद्माबाई म्हणाली. बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. पोरगं लाल होऊन भट्टीमागं गेलं.

किशनराव मात्र तापले. "डोकं फिरलं का तुझं? ढीग सडून राहिला, आभाळ आलंय, आन तुमाला रक्त दिसून राहिलं? दुसरी टोळी आणतो मी!"

"आणा. भेटली तर आमालाबी दाखवा. हंगामात मोकळी टोळी कशी असती ते कव्हाच न्हाई बघितलं."

किशनरावानं फोन लावला. एक लावला, दोन लावले. तिसऱ्यानं हसून ठेवून दिला असावा, कारण त्यांनी फोनकडंच डोळे वटारले. लांबवर ढग गुरगुरला. वारा सुटला, हळदीचा पाला उडाला.

प्रमोद पुढं आला. चेहरा पडलेला, पण आवाज गुळाचा. "मालक, मी काय म्हणतो, समद्यानं जाऊन यावं. मी थांबतो इथं, भट्टी बघतो."

"भट्टी पेटलीच न्हाई," पद्माबाई म्हणाली, "बघतोस काय तिच्यात? तुझं तोंड?"

पुन्हा हशा. प्रमोदला जागा उरली नाही. तो तिच्याकडं बघत राहिला, आणि तिनं डोळ्यांनीच त्याला सांगितलं, सगळ्यात मिसळून चल, कुणाला दिसणार नाहीस.

किशनरावानं आभाळाकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं आणि हात जोडले. "चला बाबांनो! टेम्पो काढतो. जाऊन लवकर या."

"तुमीबी, मालक," पद्माबाई म्हणाली. "तुमीबी वाफेभवती असता."

"मी?" किशनरावाचं उपरणं डोक्यावरून घसरलं. "माझा काय संबंध?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "जा की. मीबी येते." निर्मलाबाई, मालकीण. चहाची किटली घेऊन आली होती, ती तिनं बांधावर ठेवली आणि सरळ टेम्पोकडं चालू लागली. नऊवारीचा काष्टा खोचून चढून बसलीसुद्धा. पद्माबाईनं तिच्या तोंडाकडं एकदाच बघितलं आणि काही विचारलं नाही. किशनरावही मुकाट्यानं ड्रायव्हरच्या शेजारी बसले.

टेम्पो हळदीचा, म्हणून आत सगळं पिवळं. बाया खाली, गावातून उचललेले त्यांचे नवरे आणि बाकी गडी कडेला धरून. खड्डा आला की सगळे वर उडायचे. आभाळ मागून पाठलाग करत होतं, ड्रायव्हर हाणत होता, आणि शिवकन्येनं गाणं धरलं. नरसिंग एका कोपऱ्यात देवळातल्यासारखा गप्प बसला होता.

"सुईला भेता का भाऊजी?" शिवकन्येनं विचारलं.

"मी कुणालाच भेत न्हाई," नरसिंग म्हणाला, "हिच्याबिगर." आणि पद्माबाईकडं बोट केलं.

दवाखान्यात ही पिवळी फौज उतरली तशी शिपाई उठून उभा राहिला. डॉक्टरणीनं चष्म्यावरून पद्माबाईकडं बघितलं आणि सगळं ओळखलं. तिनं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "एकेकानं आत यायचं. ज्याला नको असेल त्यानं मला आत येऊन नको म्हणायचं, जबरदस्ती नाही. कुणाचं काय निघालं हे मी कुणाला सांगणार नाही. बायकोचं नवऱ्याला नाही, नवऱ्याचं मालकाला नाही."

नरसिंग पहिला गेला. आतून एक "आई गं" ऐकू आली आणि तो दंड दाबत, पण छाती काढून बाहेर आला. मग बाया, त्यांचे नवरे. मग पोरं. तिथल्या समुपदेशक मॅडमनं पोरांना एका बाजूला घेऊन लाकडाच्या दांड्यावर निरोध कसा चढवायचा ते दाखवलं, तशी पोरांची खिदखिद बंद झाली आणि माना पुढं आल्या. निर्मलाबाई आत गेली ती बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा पदराखाली गोळ्यांची पुडी होती आणि मान ताठ होती.

प्रमोदचा नंबर आला तेव्हा प्रमोद जागेवर नव्हता.

पद्माबाई धावत फाटकाशी गेली. प्रमोद चहाच्या टपरीमागं उभा होता, आणि त्याच्यासमोर, वाट अडवून, नरसिंग. तोच नरसिंग, ज्याचा आवाज घरातसुद्धा कधी चढत नाही.

"मी देलं," नरसिंग म्हणत होता. "मला सुईचं किती भेव हाय, तुला माहीत न्हाई. लहानपणी लस द्यायला आले तव्हा मी कणगीत लपून बसलो होतो. तरी देलं. तू बी दे."

प्रमोदनं नरसिंगकडं बघितलं, मग धावत आलेल्या पद्माबाईकडं. आणि चालू लागला. पण रस्त्याकडं नाही, दवाखान्यात. दार लागलं.

आत काय बोलणं झालं ते पद्माबाईला कळलं नाही. तिनं बाकावर बसून, उठून, पुन्हा बसून शिपायाला कंटाळा आणला. शीतल भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून उभी होती. आभाळ खिडकीपर्यंत आलं होतं, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि दार काही उघडेना.

उघडलं. प्रमोद बाहेर आला. लंगडत. ती सुई कुल्ल्यावर देतात आणि भले भले लंगडतात. तो पद्माबाईच्या शेजारून जाताना पुटपुटला, "एडस न्हाई निघाला. तीन महिन्यानं फिरून बघायचंय. दुसरं निघालं. अजून दोन सुया हायत. च्यायला, लई दुखते आत्या!"

पद्माबाईला ओरडावंसं वाटलं. ओरडता येत नव्हतं. आणि तेवढ्यात तिला दिसलं, टेम्पोपाशी सगळी टोळी उभी आहे, आणि सगळ्यांचे डोळे प्रमोदच्या लंगड्या पायावर येणार आहेत. बाकी सगळे हाताला कापूस लावून आलेले. हा एकटाच लंगडणार. इतकं सगळं करून पाय चुगली करणार!

मग पद्माबाई लंगडायला लागली. उजवा पाय ओढत, कंबर धरून, मोठ्यानं कण्हत, "अरे देवा, त्या टेम्पोनं हाडं खिळखिळी केली रे बाबा!" नरसिंगनं बायकोकडं बघितलं, काही विचारलं नाही, आणि तोही डावा पाय ओढायला लागला. शिवकन्येला वाटलं चेष्टा चालू आहे. चेष्टेत ती मागं राहील कशी? तिनं दोन्ही पाय ओढले. बाया हसत हसत लंगडायला लागल्या. पोरं त्यांच्या मागं. आणि सगळ्यात शेवटी आतून किशनराव आले. लंगडत. त्यांचं ते खरं होतं का खोटं, हे आजवर कुरुंद्यात कुणाला कळलं नाही. निर्मलाबाई तेवढी सरळ चालत टेम्पोत जाऊन बसली, मागं वळूनसुद्धा न बघता.

मळ्यात पोचले तेव्हा टपटप थेंब पडत होते. प्रमोदनं काडी ओढली, पाला भडकला, भट्टीनं श्वास घेतला. मग काय विचारता! बाया पाट्या भरभरून ढिगाकडून ड्रमकडं पळत होत्या, किशनराव स्वतः ताडपत्री ओढत होते, प्रमोद लंगडत लंगडत व्हॉल्व्ह फिरवत होता. पहिला ड्रम शिजला, उलटा झाला, आणि पिवळ्या वाफेचा एक लोट सगळ्यांच्या अंगावरून गेला. त्या वासानं नाक भरून आलं.

शीतल सवयीनं लिंबाखाली निघाली होती. पद्माबाई ओरडली, "ए पोरी! तिकडं पावसात भिजायला काहून चालली? इकडं ये, बॉयलरपाशी, छपराखाली."

"मावशी, वाफ..."

"वाफ काय करते? हळद शिजवते. बस इथं!"

शीतल घाबरत घाबरत बसली. पद्माबाईनं ड्रममध्ये हळदीसंगं टाकलेलं एक रताळं काढलं, फुंकर मारून तिच्या हातात दिलं. पोरीनं पिवळं रताळं खाल्लं आणि बोटं चाटली. वाफ तिच्या तोंडावरून जात होती, आणि पोरगी पहिल्यांदाच वाफेकडं पाठ करून बसली नव्हती.

पुढच्या दोन सुयांना प्रमोद एकटाच गेला, गिरगावाहून, मोटारसायकलवर. परत येताना उभ्यानंच चालवली म्हणे. शीतलनंही तिच्या घेतल्या. तीन महिन्यांनी दोघांचं रक्त फिरून बघितलं, एचआयव्ही नव्हता. बॉयलरच्या हत्यारांच्या पेटीत पान्यांसंगं आता निरोधाची पाकिटं असतात. पोरं लागेल तशी उचलतात आणि कुणी मोजत नाही.

आखाड निघाला. टोळी किशनरावाच्याच वावरात नव्या हळदीतलं गवत काढत होती. पद्माबाईच्या कमरेचा फोन वाजला. नाव प्रमोदचं. तिच्या हातातलं खुरपं पडलं. सगळ्या जणी उभ्या राहिल्या.

"आत्या, पोरगी झाली."

"रडली का?" पद्माबाई ओरडली. "आधी ते सांग! रडली का?"

"रडून राहिली. थांबंचना. डॉक्टरीणबाई म्हणल्या, लेकरू ठणठणीत हाय. तपासायला रक्त घेतलं तिचं, सिस्टरनं सुई टोचली, तव्हापासून सारखी बोंबलती. ऐक."

त्यानं फोन लेकराजवळ धरला. पद्माबाईनं फोनचा आवाज मोठा केला आणि हात वर धरला. सगळ्या वावरभर ती किंचाळी गेली, बारीक, चिडलेली, दमदार. शिवकन्येनं दोन्ही हात तोंडावर धरले. बांधावरून किशनराव ओरडले, "काय झालं गं? कोण ओरडून राहिलं?"

"प्रमोदची लेक, मालक!" पद्माबाई वावरातल्या आवाजात म्हणाली. "सुई टोचली म्हून बोंबलती. बराबर बापावर गेली!"